सँटोरिनीला आई-बाबांना घेऊन जायचंय, ईयाला राहावं की दुसरीकडे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर सप्टेंबरमध्ये चार दिवस, आईचे गुडघे दुखतात, सगळे शाकाहारी, तिथल्या ईया गावातलं कड्यावरचं हॉटेल महाग आहे तरी तेच घ्यावं का, आणि भूकंपाचं काय.

हॉटेलचं आधी सांगते कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं. ईयाला राहू नका. पैशासाठी म्हणत नाहीये, पायऱ्यांसाठी म्हणतेय. फोटोत दिसणारी ती पांढरी घरं कड्याच्या पोटात एकाखाली एक खोदलेली आहेत, गाडी वरच्या रस्त्यापर्यंतच येते, तिथून बॅगा उचलून खाली उतरायचं आणि मग साधी पाण्याची बाटली आणायची म्हटलं तरी परत वर चढायचं, त्यात पायऱ्या एका उंचीच्या नाहीत आणि कठडा कुठे आहे कुठे नाही. (नळाचं पाणी तिथे पीत नाहीत, त्यामुळे बाटल्या लागतातच.) कुठलंही हॉटेल घ्या पण आधी मेल टाकून सरळ विचारा, रस्त्यापासून रूमपर्यंत पायऱ्या किती. उत्तर गोलमोल आलं की समजून जा.

आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन गेलो तेव्हा कामारीला राहिलो. काळ्या खड्यांचा किनारा, लगत सपाट रस्ता, ओळीने खायची ठिकाणं. सासरे सकाळी चहा व्हायच्या आधीच एकटे फिरून यायचे, ईयाला त्यांना असं सोडायची माझी हिंमत झाली नसती. तोटा एवढाच की कामारी पूर्वेकडे आहे, तिथून सूर्योदय दिसतो, सूर्यास्त नाही, आणि बेटाच्या सगळ्या बस फिरा गावातून सुटतात म्हणून ईयाला जायचं तर फिराला बस बदलायची. कड्यावरच राहायचा हट्ट असेल तर फिराला लागूनच फिरोस्तेफानी आहे, तिथे वरच्या रस्त्यालगतची रूम शोधा. ईयाला सकाळी लवकर जाऊन या. संध्याकाळी सूर्यास्ताला तिथे गणपतीतल्यासारखी गर्दी होते, क्रूझचे लोक वेगळेच (2025 पासून क्रूझचे प्रवासी दिवसाला 8000 अशी मर्यादा घातलीये, तरीही).

पण मला खरं हे सांगायचंय की लोक सूर्यास्त बघायला जातात आणि ज्वालामुखी बघायचाच राहतो. तुम्ही कड्यावर उभे राहून समोर जो निळा समुद्र बघता तोच तर ज्वालामुखी आहे. साधारण 3600 वर्षांपूर्वी एवढा प्रचंड उद्रेक झाला की बेटाचा मधला भाग खचला आणि तिथे समुद्र शिरला, उरलं ते हे चंद्रकोरीसारखं काठाचं बेट. म्हणून निदान जाताना तरी फेरीने जा, अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून मोठ्या बोटीला साधारण आठ तास लागतात, फास्ट बोटीला कमी, पण मोठीच घ्या, ती कमी हलते आणि डेकवर उभं राहता येतं. बोट त्या खचलेल्या भागात शिरते तेव्हा दोन्हीकडच्या कड्यात काळे, तांबडे, करडे थर दिसतात, आपल्या घाटात दिसतात तसेच, फक्त सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि इथल्या मधल्या नेआ कामेनी बेटावर 1950 मध्येसुद्धा लाव्हा बाहेर आला होता.

नेआ कामेनीवर बोटीने जाता येतं पण आईला नको. सुटी खडी, चढ, सावलीचा पत्ता नाही. शेजारच्या पालेआ कामेनी बेटालगतचं 'हॉट स्प्रिंग' म्हणजे बोटीतून समुद्रात उडी मारून पोहत जायचं, पाणी कोमट आणि लोहामुळे गंजाच्या रंगाचं, पांढरे कपडे खराब होतात. त्याऐवजी अक्रोतिरीला अख्खी सकाळ द्या. राखेखाली गाडलेलं गाव, 1967 पासून खोदतायत, वर छप्पर आहे त्यामुळे ऊन लागत नाही आणि चालणंही बेताचं. मोठाले रांजण आहेत तिथेच उभे आहेत, दगडी रस्त्याखाली सांडपाण्याची गटारं, वरच्या मजल्यावर संडास, आणि एक जिना आहे ज्याची प्रत्येक पायरी भूकंपाने मधोमध तडकलीये. माणसांचे सांगाडे मात्र सापडले नाहीत, लोक आधीच निघून गेले असणार. माझी सासू त्या जिन्यापाशी इतका वेळ थांबली की मागचा ग्रुप पुढे निघून गेला. भिंतींवरची चित्रं काही अथेन्सला आहेत, काही फिराच्या म्युझियममध्ये, निळी माकडं फिरालाच बघा.

जेवणाचं टेन्शन घेऊ नका. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वाटण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल, ते इथलंच पीक आहे. टोमॅटोकेफ्तेदेस म्हणजे इथल्या छोट्या टोमॅटोचे तळलेले वडे, अंडं घातलंय का ते विचारून घ्या. भात-पोळीची सवय असेल तर थेपले न्याच, तिसऱ्या दिवशी सगळ्यांना आठवण येते.

भूकंपाचं. 2025 च्या जानेवारी-फेब्रुवारीत सँटोरिनी आणि अमोर्गोस या दुसऱ्या बेटाच्या मधे हजारो धक्के बसले, मोठ्यातला मोठा 5.3 चा, हजारो लोक बेट सोडून गेले होते, नंतर ते शांत झालं. 1956 चा मात्र खरोखर मोठा होता, ईयातली बरीच घरं तेव्हा पडली. पुढे काय होईल हे छातीठोकपणे कुणीच सांगणार नाही, म्हणून रद्द करता येईल असंच बुकिंग करा. आणि हो, शेंगेन व्हिसाला (ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) जो 30,000 युरोचा इन्शुरन्स मागतात तो दवाखान्याच्या खर्चासाठी असतो, ट्रिप रद्द झाली तर त्यातून पैसे मिळतील असं धरून चालू नका, ते कव्हर वेगळं बघून घ्या.

येतानाची फेरी आणि भारताचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. वारा सुटला की बोटी रद्द होतात, सप्टेंबरमध्येही होऊ शकतात. शेवटची रात्र अथेन्सला काढा, बाबांना टेकडीवरची प्राचीन देवळं, म्हणजे ॲक्रोपोलिस, दाखवून होईल, आईसाठी तिथे लिफ्ट आहे, चालू आहे का ते आदल्या दिवशी विचारून घ्या.