फॅसिट या हँडल फिरवून चालवायच्या हिशेबाच्या मशीनवर भागाकार कसा करायचे? आणि एक्सेल आल्यावर त्यातलं काही हरवलं का?

१९७४ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी अकाउंट्सला लागलो. पगाराचे दिवस आले की चार फॅसिट एकदम चालू असायची आणि शेजाऱ्याशीही ओरडून बोलावं लागायचं.

भागाकार म्हणजे हँडल उलटं फिरवत केलेली वजाबाकी. समजा महिन्याचा पगार ३३८ रुपये, दिवस २६. आधी ३३८ आत घ्यायचे, मग २६ मांडून ते दशकाच्या घरात आणायचे. एक उलटा फेरा मारला की ३३ मधून २६ गेले. दुसरा मारला की रक्कम शून्याच्या खाली जायची, खिडकीत ओळीने नऊच नऊ दिसायचे आणि टण्ण करून घंटी वाजायची. म्हणजे एक फेरा जास्त झाला. तो सुलटा फिरवून परत द्यायचा, २६ एक घर सरकवून एककात आणायचे, आणखी तीन उलटे फेरे. खाली शून्य, भागाकार १३. गुणाकारातही युक्ती होती. ९८ ने गुणायचं तर सतरा फेरे कोण मारणार? शतकात एक सुलटा, एककात दोन उलटे, झालं.

एक्सेलचे उपकार मी मानतो. महागाई भत्ता बदलला की आम्ही अख्खं पगारपत्रक पुन्हा करायचो, तेही दोघांनी वेगवेगळं, आणि ताळा जमेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. आता एक आकडा बदलला की खालचं सगळं आपोआप बदलतं.

पण हरवली ती घंटी. आमच्या सोसायटीचा हिशेब मी एक्सेलवर ठेवतो. गेल्या वर्षी मेंटेनन्सची बेरीज बँकेपेक्षा २,४५० रुपयांनी कमी येत होती. दोन संध्याकाळी गेल्या. एका फ्लॅटची रक्कम कुठून तरी कॉपी करताना अक्षरं म्हणून बसली होती. दिसायला आकडाच, पण बेरजेचं 'सम' सूत्र त्याला मोजत नाही आणि तसं सांगतही नाही. खूण एवढीच: बाकीचे आकडे उजवीकडे टेकलेले, हा डावीकडे, आणि कोपऱ्यात बारीक हिरवा त्रिकोण. चष्मा लावूनही तो मला आधी दिसला नव्हता.

तेव्हापासून बेरजेखाली आणखी एक ओळ ठेवली आहे. त्यात 'काउंट' लावून किती फ्लॅटचे आकडे खरोखर मोजले गेले ते बघतो. आमचे ३२ फ्लॅट आहेत. तिथे ३१ दिसले की मी थांबतो.