संकष्टी सोडली की पोटात कळ का येते?

प्रश्न : मी सांगलीची, वय 44. वर्षभरापासून जड जेवण झालं की रात्री पोटात वर उजवीकडे कळ येते, पाठीत आणि खांद्यापर्यंत जाते, तासदीड तास राहते आणि मग आपोआप थांबते. आधी ॲसिडिटी समजून गोळ्या घेतल्या. शेवटी सोनोग्राफी केली तर पित्ताशयात खडे निघाले, सगळ्यात मोठा 9 मिमीचा. सगळ्यात जास्त त्रास संकष्टीला झाला, दिवसभर फक्त चहा आणि चंद्रोदयानंतर मोदक, त्यावर तूप, बटाट्याची भाजी, भजी. शेजारच्या काकू म्हणतात टोमॅटो आणि पालक बंद कर. व्हॉट्सॲपवर ऑलिव्ह ऑइल-लिंबाचा उपाय पण आलाय. मी सध्या तेल-तूप पूर्ण बंद केलंय, ते बरोबर आहे ना?

उत्तर : ताई, संकष्टीचं लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण काय खाल्लं एवढंच सगळे विचारतात, किती तास उपाशी राहून खाल्लं हे कुणी सांगतच नाही.

पित्त लिव्हरमध्ये तयार होतं, पित्ताशय ते फक्त साठवून ठेवतं, साधारण 30 ते 50 मिली. आपण तेलातुपाचं काही खाल्लं आणि ते जठरातून पुढे लहान आतड्यात गेलं की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन सुटतं, त्याने पित्ताशय आकुंचन पावतं आणि पित्त आतड्यात येतं, खरकट्या तेलकट भांड्यावर साबण करतो तेच काम ते करतं. आता दिवसभर पोटात काही नाही म्हणजे पित्ताशय रिकामं व्हायला कारणच नाही, आतलं पित्त साठत राहतं, त्यातलं पाणी शोषलं जाऊन घट्ट होतं, आणि मग रात्री साडेनऊला एकदम तूप, खोबरं, तळण असं सगळं आलं की भरलेलं पित्ताशय जोरात आवळलं जातं आणि खडा तोंडाशी जाऊन अडकतो. तीच तुमची कळ. खडा मागे सरकला की कळ थांबते, आणि आपल्याला वाटतं गोळीने थांबली. ॲसिडिटीच्या गोळीचा त्याच्याशी संबंध नसतो, यात कित्येक बायकांची वर्षं जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून आधी दिवसभराचे कडक उपवास थांबवा. देवावर श्रद्धा आहे तर सकाळी फळं, दुपारी वरईचा भात आणि पातळ ताक असं काहीतरी पोटात जाऊ द्या, चंद्रोदयानंतर एक मोदक वरून तूप न घेता खा. साबुदाणा खिचडी पण जपूनच, साबुदाण्याचं काही नाही पण तूप आणि दाण्याचं कूट किती पडतं ते तुम्हाला माहितीच आहे.

बाकी त्रास देणारे पदार्थ म्हणजे भजी, वडे, मिसळीचा कट, मटणाची तर्री, फरसाण, चीज, बासुंदी, केक, क्रीमवाल्या हॉटेलच्या भाज्या. तिखटाला उगाच दोष देतात, कळ येते ती मुख्यतः तेलामुळे. अंड्याचा बलक मात्र लक्षात ठेवा, पित्ताशय किती आवळतं हे तपासायला जे जेवण देतात त्यात तो वापरला जातो, म्हणजे अंडं उकडलेलं आहे म्हणून चालेल असं नाही, पांढरं खा. कॉफीनेही काहींना कळ येते, तुम्हाला येत असेल तर सोडा, नसेल येत तर सोडायची गरज नाही.

टोमॅटो-पालकाचं पथ्य किडनी स्टोनवाल्यांचं आहे, तेही सगळ्यांना नाही. पित्ताशयातले खडे बहुतेक वेळा कोलेस्टेरॉलचे असतात, काही पिगमेंटचे म्हणजे पित्तातल्या रंगद्रव्याचे, त्यांचा पालकाशी संबंध नाही. काकूंना सांगा आणि पालक खुशाल खा. ज्वारीची भाकरी, कमी तेलातली उसळ, डाळ, पालेभाजी, फळं हे रोजचं जेवण चांगलंच आहे.

तेल-तूप पूर्ण बंद करणं मात्र चुकीचं आहे. फॅट अजिबात गेलं नाही की पित्ताशय नीट रिकामंच होत नाही, पित्त साचून खडे वाढायला मदतच होते. क्रॅश डाएटवर आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरवणाऱ्यांना नवीन खडे होतात ते याच्यामुळे पण. दिवसभरात सगळं मिळून तीन-चार छोटे चमचे तेल-तूप घ्या, पण प्रत्येक जेवणात थोडं थोडं, एकदम नको.

आणि तो ऑलिव्ह ऑइलचा मेसेज कृपा करून डिलीट करा. अर्धा कप तेल प्यायलं की पित्ताशय प्रचंड जोरात आवळतं. दुसऱ्या दिवशी संडासात हिरव्या गोळ्या दिसतात त्या खडे नसतात, त्या तेलाच्याच साबणासारख्या गुठळ्या असतात. खरा छोटा खडा नळीत घसरला तर कावीळ होऊ शकते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ते जिवावर बेततं.

पथ्याने कळा कमी होतात, खडे विरघळत नाहीत. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांचे खडे बहुतेक वेळा तसेच ठेवतात, पण तुम्हाला कळा सुरू झाल्यात, त्या पुन्हा येणारच, तेव्हा सर्जनना दाखवाच. दुर्बिणीतून पित्ताशय काढतात, 1990 मध्ये डॉ. तेहेम्टन उदवाडियांनी मुंबईत जे.जे.ला हे ऑपरेशन केलं तेव्हा ते नवल होतं, आता जिल्ह्याच्या गावीही होतं. तोपर्यंत थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि शौच पांढुरकं झालं, किंवा कळ पाच-सहा तास थांबलीच नाही, तर सकाळची वाट बघू नका. वरच्या पोटात दुखून घाम फुटला, दम लागला तर आधी ईसीजी, कारण ते हार्टचं दुखणं असू शकतं.

प्रश्न : वडिलांचं पित्ताशय काढून महिना झाला, ते मटण मागतायत. देऊ का? (रत्नागिरी)

उत्तर : द्या, पण थोडं आणि तर्री बाजूला काढून. पित्ताशय नसलं तरी लिव्हर पित्त बनवतंच, ते आता थेट आतड्यात थेंब थेंब येत राहतं, म्हणून एका वेळी खूप तेलकट झालं तर काहींना जुलाब होतात. बहुतेकांचं काही आठवड्यात रुळतं. नारळाच्या दुधाची आमटीही फॅटमध्येच मोजा, मटणाच्याच दिवशी सोलकढी वाटीवर वाटी नको. जुलाब थांबतच नसतील तर सर्जनना सांगा, त्यावर औषध आहे.