वाचकांचे प्रश्न : बोटीच्या मोटरीत पाणी शिरते कुठून?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे) : ऑगस्ट 2024 च्या विश्वामित्रीच्या पुरानंतर आमच्या मंडळाने बचावकामासाठी एक जुनी आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायची) मोटर घेतली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, 25 हॉर्सपॉवर, कार्बोरेटरची. आधीचा मालक ती खंबातच्या आखातात चालवत असे. आमच्याकडे ती गढूळ पाण्यातही चालली आहे. आता सुरू केल्यावर दहा मिनिटांत एक सिलिंडर मारणे सोडतो, आणि खालचा प्लग काढला तर त्यावर पाण्याचे थेंब असतात. मेकॅनिक म्हणतो, हेड गॅस्केट (सिलिंडरच्या झाकणाखालचे पॅकिंग) गेले, बदलून टाका. तेवढ्याने भागेल का?

उत्तर : कदाचित भागेल, पण तपासल्याशिवाय हेडला पाना लावू देऊ नका. मोटर खाऱ्या पाण्यातून आलेली आहे आणि पाणी एकाच सिलिंडरमध्ये येते आहे. एवढ्यावरून आमचा पहिला संशय एक्झॉस्ट कव्हरवर (धुराच्या वाटेवरच्या झाकणावर) जातो.

त्याआधी एक काम आजच उरका. मोटर सुरू करायची म्हणून दोरी ओढू नका. पाणी दाबले जात नाही. भरलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन जोरात वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढा, दोन्ही प्लग काढा, प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला अर्थ करा आणि फ्लायव्हील (इंजिनाच्या डोक्यावरचे जड चाक) हाताने सावकाश फिरवून पाणी बाहेर काढा. मग दोन्ही सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडून पुन्हा फिरवा. फिरवतानाच थोडे ऑइल कार्बोरेटरच्या तोंडातूनही शिंपडा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (पिस्टनमागची क्रँकची पोकळी) कोरडी असते, तेल पेट्रोलबरोबर येईल तेवढेच. तिथे पाणी राहिले तर क्रँकच्या बारीक रोलर बेअरिंगवर एक-दोन दिवसांत गंज धरतो, आणि मग गॅस्केटच्या खर्चाची गोष्ट क्रँकच्या खर्चावर जाते.

आता शोध. पाणी आत येण्याच्या वाटा चारच : पेट्रोलमधून, कार्बोरेटरच्या तोंडातून, एक्झॉस्टमधून उलटे, किंवा थंड करणाऱ्या पाण्याच्या जॅकेटमधून (सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून). पहिली वाट बंद करणे सोपे आहे. वेगळ्या लहान डब्यात ताजे पेट्रोल घेऊन त्यात कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात ऑइल मिसळा (बहुतेक मोटरींना 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली) आणि कार्बोरेटरचा बाऊल पूर्ण रिकामा करा. मोटर 200 लिटरच्या पिंपात उभी करा. प्रोपेलर काढून ठेवा, न्यूट्रलमध्ये चालवा. पाणी प्रोपेलरच्या वरच्या आडव्या पट्टीपेक्षा चार बोटे वर असावे. पिंप उघड्यावरच ठेवा, धूर साठतो. नदीवर नेऊन पाहण्याचा विचारही नको. विश्वामित्रीच्या काठावर मगरी असतात आणि मोटरीवर वाकलेल्या माणसाचे लक्ष पाण्याकडे नसते.

दहा मिनिटे चालवून बंद करा आणि लगेच दोन्ही प्लग काढून भोकांतून टॉर्च मारा. ज्या सिलिंडरमध्ये पाणी येते त्याच्या पिस्टनचा माथा वाफेने धुतल्यासारखा उजळ, राखाडी दिसतो. शेजारचा काळाकुट्ट, तेलकट असतो. दोन्ही काळे आणि कोरडे निघाले तर जॅकेट बहुधा निर्दोष, मग पेट्रोलकडे किंवा मोटरीच्या वरच्या झाकणाच्या फटीतून कार्बोरेटरवर उडणाऱ्या पाण्याकडे पाहा. खालचाच उजळ निघाला तर पुढे जा.

मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घ्या : दोन्ही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, किल क्लिप काढलेली, वायरी अर्थ केलेल्या, गेजचा काटा थांबेपर्यंत पाच-सहा वेळा दोरी ओढा. आकडा किती आला यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक पाहा. तो 10 ते 15 टक्क्यांपेक्षा जास्त असेल आणि कमी आकडा ओल्या सिलिंडरचाच असेल तर हेड गॅस्केटवर बोट ठेवायला जागा आहे (रिंग झिजल्या तरी आकडा पडतो, म्हणून थोडे ऑइल सोडून पुन्हा घ्या, आकडा चढला तर दोष रिंगांचा). खात्रीसाठी त्या पिस्टनला अगदी वरच्या टोकाला आणा, फ्लायव्हील पट्ट्याने घट्ट धरा आणि प्लगच्या भोकातून 40 ते 50 पीएसआय हवा सोडा. थर्मोस्टॅटचे (तापल्यावर उघडून पाण्याला वाट देणाऱ्या झडपेचे) झाकण उघडून तिथे साबणाचा फेस लावा. बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट किंवा तडा. पट्टा न लावता हवा सोडू नका, फ्लायव्हील झटक्याने फिरून बोटे मोडू शकते.

इथेच बहुतेक जण फसतात. ही परीक्षा पास झाली म्हणजे पाणी जॅकेटमधून येत नाही, असे होत नाही. पिस्टन वर असताना टू-स्ट्रोकचे एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जायचे भोक) पिस्टननेच झाकलेले असते, त्यामुळे एक्झॉस्टच्या बाजूची गळती हवेला दिसतच नाही. कॉम्प्रेशन दोन्हीकडे सारखे, हवेची परीक्षा स्वच्छ, तरी खालचा सिलिंडर ओला : हे एक्झॉस्ट कव्हरचे लक्षण. बऱ्याच मोटरींत त्या कव्हरखाली ॲल्युमिनियमची एक पातळ आतली प्लेट असते, तिच्या एका बाजूला गरम धूर आणि दुसऱ्या बाजूला पाणी. मीठ तिला वर्षानुवर्षे खाते. गळलेले पाणी खालच्या दिशेने उतरते, म्हणून खालचा सिलिंडर आधी भिजतो.

कव्हरचे बोल्ट हीच या कामातली खरी अडचण. खाऱ्या पाण्यातल्या मोटरीचे हे बोल्ट ॲल्युमिनियमला धरून बसतात आणि घाईने फिरवले की डोकी तुटतात. आदल्या रात्री गंज सोडवणारे ऑइल मारून ठेवा. सकाळी प्रत्येक बोल्ट आधी किंचित घट्ट करा, मग सोडा. अडला तर भोवतीचे ॲल्युमिनियम हीट गनने तापवा. (त्याआधी पेट्रोलची टाकी आणि नळी काढून लांब ठेवा, कार्बोरेटर रिकामा करा.) प्लेट निघाली की दिव्यासमोर धरा. सुईच्या टोकाएवढा प्रकाश दिसला तरी प्लेट बाद. खड्डे खोल असतील तर भोक नसले तरी बदलाच. दोन्ही बाजूंची गॅस्केट नवी घाला. जुने गॅस्केट लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनेच खरवडा. लोखंडी खरवडणीची एक रेघ पुढच्या गळतीला पुरते. बोल्टचे आटे ब्रशने साफ करून त्यांना पातळ मरीन ग्रीस लावा, टॉर्क रेंचने मध्यापासून बाहेर, दोन टप्प्यांत कसा. आकडा त्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्या, अंदाजाने नको.

हेड उघडावे लागलेच तर त्याच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचे माप) घाला. 0.1 मिमीचे पान आत शिरत असेल तर हेड वाकले आहे. थोडा वाक जाड काचेवर 400 नंबरचा वॉटर पेपर ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे घासून काढता येतो; जास्त असेल तर वर्कशॉपमध्ये फेसिंग करून घ्या.

एवढ्यावरच मोटर परत बोटीवर लावू नका. हेड वाकले असेल किंवा गॅस्केट जळले असेल, तर मोटर कधीतरी तापली होती. पुराच्या पाण्यातली बारीक माती थंड करणारे पाणी ओढणाऱ्या पंपाच्या रबरी इम्पेलरची (फिरत्या चाकाची) पाती आणि त्याचे घर दोन्ही खरवडते, आणि उरलेली जॅकेटमध्ये साचते. म्हणून इम्पेलर, त्याची तळाची स्टीलची प्लेट आणि पॅकिंग यांचा पूर्ण संच बदला. थर्मोस्टॅट दोरीला बांधून पाण्यात तापवून पाहा : त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास उघडलाच पाहिजे. मंडळाच्या मोटरीवर माणसांचे जीव अवलंबून असतात, म्हणून हा खर्च पुढच्या वर्षावर ढकलू नये असे आम्हाला मनापासून वाटते.

प्रश्न (कारेलीबाग, बडोदे) : आमची मोटर फोर-स्ट्रोक आहे. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते. हेड गॅस्केटच ना?

उत्तर : आधी ऑइलची पातळी पाहा. फक्त झाकणाखाली थोडा पिवळट फेस असेल, पातळी वाढलेली नसेल आणि मोटर दर वेळी पाचच मिनिटे चालत असेल, तर तो दव आहे. मोटर नीट तापतच नाही म्हणून ते उडून जात नाही. कधी थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असतो. सगळे ऑइल दुधाळ आणि पातळी वर गेलेली असेल तर मोटर सुरू करू नका. ऑइल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवा, तळाला पाणी किती बसते ते दिसेल. दुरुस्तीनंतर एकदा ऑइल बदलून भागत नाही : नवे घालून थोडा वेळ चालवा, काढा, आणि ऑइल स्वच्छ निघेपर्यंत हे करा. फिल्टर शेवटच्या वेळीही नवाच घाला.

प्रश्न (वाघोडिया रोड, बडोदे) : मोटर टेम्पोत आडवी टाकून आणली. उतरवल्यावर प्लगमधून पाणी आले. गळती आहे का?

उत्तर : बहुधा नाही. मोटरीचा पाय वर आणि डोके खाली झाले की एक्झॉस्टच्या पोकळीतले पाणी उताराने उघड्या पोर्टमधून सिलिंडरमध्ये येते. बोटीवरून काढल्यावर मोटर पाच-दहा मिनिटे उभी धरा, पाणी निथळू द्या, मग आडवी करा आणि डोक्याखाली उशी किंवा जुना टायर देऊन ते पायापेक्षा वर ठेवा. फोर-स्ट्रोक कोणत्या कुशीवर झोपवायची हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते. चुकीच्या कुशीवर ऑइल सिलिंडरमध्ये जाते.

प्रश्न (रावपुरा, बडोदे) : पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. पावसाळाभर टाकीत भरून ठेवले तर चालेल का?

उत्तर : नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी मिळून तळाला बसतात. टाकीची नळी तळातूनच ओढते, म्हणून मोटरीला आधी तोच थर मिळतो. त्यात टू-स्ट्रोक ऑइल जवळजवळ नसते, म्हणजे पाण्याबरोबर वंगणही गेले. बाटलीत नमुना घेऊन तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल हलवून किंवा औषध घालून परत एक होत नाही, टाकी रिकामी करून धुवाच. बचावकामासाठी मोटर तयार ठेवायची असेल तर पंधरा दिवसांपुरतेच पेट्रोल ठेवा, उरलेले मोटरसायकलमध्ये घालून संपवण्याआधी त्यात ऑइल मिसळलेले नाही याची खात्री करा, आणि टाकी व मोटर यांच्यामध्ये 10 मायक्रॉनचा पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवा. त्याचा खालचा वाडगा पारदर्शक असलेला घ्या.