अमळनेर तालुक्यातलं मूळ गाव माहीत आहे, पणजोबांच्या मागची नावं कुठे मिळतील?

तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये त्या गावाचं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना नंबर १४, बघायला अर्ज करा. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात आणि वडलांचं नाव मिळालं की एक पिढी मागे सरकता येतं. जुनी पानं बहुतेक मोडी लिपीत. वाचणारा जाणकार सोबत न्या. आडनाव शोधत बसू नका, बऱ्याचदा नुसतं ‘अमुक वल्द तमुक’ (तमुकचा मुलगा अमुक) एवढंच असतं. दुसरी जागा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तिथल्या पिढीजात पुरोहितांच्या, वह्या: गाव, आडनाव सांगितलं की श्राद्धाला येऊन गेलेल्यांची नावं निघतात. अमळनेर आता जळगाव जिल्ह्यात आहे, मात्र १९०६ पर्यंत खानदेश एकच जिल्हा होता, मुख्य ठाणं धुळं. त्यामुळे त्याआधीच्या कागदांसाठी जळगावबरोबर धुळ्यालाही विचारा.