फ्रान्सचा राजा चौदावा लुई समजून घ्यायचाय? १६४८ पासून सुरुवात कर

अनियंत्रित राजेशाहीचा अभ्यास त्याच्या व्हर्साय राजवाड्यातल्या आरसेमहालापासून सुरू करू नकोस. १६४८ मध्ये फ्रोंदचं, म्हणजे राजसत्तेविरुद्ध न्यायाधीश आणि सरदारांचं बंड पेटलं, तेव्हा लुई जेमतेम नऊ वर्षांचा होता. जानेवारी १६४९ मध्ये राजघराण्याला रातोरात पॅरिस सोडावं लागलं. त्याच सुमारास लंडनमध्ये इंग्लंडचा राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला! पुढे १६६१ मध्ये मुख्यमंत्री माझारँ वारल्यावर लुईने नवा मुख्यमंत्री नेमलाच नाही. माझ्या मते त्याचं मूळ या लहानपणीच्या धसक्यात आहे.

मग पैशाकडे वळ, खरी गंमत तिथेच आहे. युरोपातल्या 'तीस वर्षांच्या युद्धा'ने (१६१८-४८) सैन्य फुगलं, सैन्यासाठी कर वाढले, आणि वसुलीवर नजर ठेवायला प्रांतोप्रांती इंतांदाँ, म्हणजे राजाचे अधिकारी बसले. त्यांना राजा नेमायचा आणि राजाच काढायचा. बाकीची कितीतरी पदं मात्र विकत घेतलेली. १६०४ पासून तर दरसाल ठरावीक रक्कम भरली की पद वारसाकडे जाई. अशा माणसाला हटवणं सोपं नव्हतं. हा फरक वहीत ठळक लिहून ठेव, नवखे इथेच घसरतात.

'अनियंत्रित' हा शब्दही शब्दशः घेऊ नकोस. सरदारांची करमाफी बरीचशी टिकून राहिली. पॅरिसच्या पार्लमाँत, म्हणजे न्यायालयात, राजाचे हुकूम नोंदवावे लागतच. आणि 'राज्य म्हणजे मीच' हे वाक्य कृपा करून उत्तरात लुईच्या तोंडी घालू नकोस. तो तसं म्हणाल्याचा समकालीन पुरावा नाही.