आपली शैली शोधताना

चित्रकलेत आपली शैली अजून सापडत नाही, ही तुमची तळमळ मला समजते. पण सुरुवातीच्या एकदोन वर्षांतच ती सापडावी, असा आग्रह कृपया धरू नका. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी 1948 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांवर भारतीय लघुचित्रांचा आणि स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले यांचा प्रभाव स्पष्ट दिसतो, तर रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरवण्याच्या बोथट सुरीने) रंगाचे थर चढवून साकारलेली, त्यांची ओळख ठरलेली चित्रे बऱ्याच वर्षांनी आली. म्हणून आवडत्या चित्रकाराचे अनुकरण करण्यात कमीपणा मानू नका.

मात्र वर्षभरातली सगळी चित्रे एकदा जमिनीवर मांडा आणि कोणीही न सांगता तुमच्या हातून पुन्हा पुन्हा काय घडते, ते शांतपणे पाहा. मी तसे केले तेव्हा लक्षात आले, की माझ्या जवळपास प्रत्येक जलरंगचित्रात सावलीची कड ओल्या कागदावर पसरत होती आणि मी ती चूक समजून कोरड्या कुंचल्याने टिपून काढत होतो. त्यानंतर तीन महिने मी केवळ तीन रंग आणि एकच जाड कुंचला वापरला, आणि ती कड मुद्दाम पसरू दिली.