लूमवरच्या कामगाराचा पोरगा आणि कॉलेजची फॅक्टरी व्हिजिट

"मॅडम, कॉलेजची व्हिजिट आहे, गेलंच पाहिजे का?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडं दरवर्षी येतो, सोलापूरच्या जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आगंमागं तर जास्तच, कारण तेव्हाच कॉलेजं पोरांना बसमध्ये घालून एमआयडीसीत नेतात. बऱ्याच जणांना नुसता कंटाळा असतो, ते हजेरीसाठी जाऊन येतात, विषय संपला. पण काहींना खरंच टेन्शन असतं, आपल्याला काही विचारलं तर, आपण गप्पच उभे राहिलो तर, मालकाला आपण येडे वाटलो तर. अशाच एकाची गोष्ट सांगते, त्याला विचारून आणि थोडे तपशील बदलून.

बीकॉमच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, शहराच्या पूर्वभागातला, म्हणजे विणकरांच्या वस्तीतला, घरात तेलुगू, बाहेर मराठी, वडील टॉवेलच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. कॉलेजनं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल फॅक्टरीची व्हिजिट ठरवली होती आणि हा माझ्याकडं आला ते सरळ आजारपणाचं सर्टिफिकेट मागायला! म्हटलं ते डॉक्टरचं काम, माझं नाही, पण आलायस तर बस. आधी म्हणाला पोटात गडबड आहे, मग म्हणाला तिथं बघण्यासारखं काय असतं, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग एकदम, "पप्पांनी शिकवलं ते लूमवर जायला लागू नये म्हणून, आणि कॉलेज मला तिथंच घेऊन चाललंय." त्यात तिथला जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करून चालू ठेवणारा माणूस, वडिलांच्या ओळखीचा. सगळ्या वर्गासमोर तो म्हणाला की अरे हा तर आपल्या अमक्याचा पोरगा, तर?

आता याला कोणी न्यूनगंड म्हणेल, मी लगेच म्हणत नाही. या भीतीला सोलापुरात कारण आहे. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल बंद पडली, पुढं बाकीच्या मिलाही एकेक करून गेल्या, लोक यंत्रमागावर आले, आणि त्या पिढीनं पोरांना एकच सांगितलं, शिका आणि पुणं गाठा. मग तीच फॅक्टरी 'करिअर' म्हणून दाखवली तर पोराला मागं ढकलल्यासारखं वाटणारच की.

मी त्याला समजावत बसले नाही. विचारलं, टॉवेलला ते लूप येतात कसे रे, मला कधी कळलंच नाही. आणि हा जो वर्गात तोंड उघडत नाही म्हणून सर तक्रार करतात, तो सुरू झाला. ताणा म्हणजे उभे धागे, ते गुंडाळलेले बीम दोन असतात मॅडम, एक घट्ट, एक सैल. दोन आडवे धागे कापडापासून जरा लांबच ठेवायचे, तिसऱ्याला फणी पूर्ण पुढं येऊन तिन्ही एकदम ठोकते, घट्ट ताणा जागेवर राहतो आणि सैल ताण्याचे लूप उभे राहतात. हातवारे करून सांगत होता. म्हटलं तुझ्या वर्गात हे आणखी किती जणांना माहितीय? हसला फक्त.

मग आम्ही एक साधं काम केलं. त्या फॅक्टरीत लूम सोडून कोण कोण बसत असेल त्याची यादी त्यालाच करायला लावली. सूत खरेदी, डाईंगचा हिशोब, कॉस्टिंग, जीएसटी, एक्सपोर्टची कागदपत्रं, पार्टीशी मेलवर बोलणारा माणूस. अर्धी यादी बीकॉमचीच निघाली. आणि ठरलं की मालकाला इम्प्रेस करायला जायचंच नाही, यातल्या एका टेबलावर रोज काय चालतं तेवढं बघून यायचं. प्रश्न एकच न्यायचा आणि तोही आपल्याला खरंच पडलेला, गुगलवरून काढलेला नको. जॉबरकाका भेटलेच तर आपणच आधी नमस्कार करायचा, म्हणजे कोणी ओळखेल ही धाकधूकच राहत नाही.

गेला. मालकांचं भाषण लांबलं, पोरं सेल्फीत, चहा-समोसे झाले, आणि शेवटी "एनी क्वेश्चन्स" म्हटल्यावर जी शांतता पसरते ती पसरली. यानं विचारलं, डाग पडलेला, धागा तुटलेला सेकंडचा माल कॉस्टिंगमध्ये कुठं धरता? घरी रोज ऐकलेला विषय हो. मालकांनी बोलणं थांबवून त्याला कॉस्टिंगवाल्यांकडंच पाठवलं. तिथं त्यानं पाहिलं की टॉवेलचा भाव वजनापासून सुरू होतो, म्हणजे ७० बाय १४० सेंटीमीटरचा ४५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅमचा टॉवेल ४४१ ग्रॅमचा, त्यावर सुताचा दर, विणाई, डाईंग, शिलाई आणि मग घट. दोस्त बसमध्ये म्हणाले, काय बे, तू तर मालकच झालास. जॉबर त्या दिवशी सेकंड शिफ्टला होते, भेटलेच नाहीत.

घरी सांगितल्यावर वडिलांनी एवढंच विचारलं, "तिथं बसणाऱ्याला पगार किती?" ते यानं विचारलंच नव्हतं. आणि बरोबर प्रश्न आहे तो, पोरं लाजतात विचारायला. मालकाला थेट विचारू नका, टेबलावरच्या माणसाला विचारा, या कामाला सुरुवातीला साधारण काय मिळतं, बहुतेक जण सांगतात.

जाता जाता व्हिजिट ठेवणाऱ्या कारखानदारांनाही, तुमचं मन मोठं आहे पण चाळीस पोरांना मशीनच्या आवाजात एका रांगेत फिरवून काय होतं सांगा? भाषण थोडं कमी करा, चार-चार जणांना दहा मिनिटं डिस्पॅच, अकाउंट्स, सॅम्पलिंगच्या माणसांशेजारी बसवा. आणि लूमवरच्या कामगारालाही दोन शब्द बोलू द्या, त्याच्याकडं पाठ करून फोटो काढण्यापेक्षा.

मुलाचं म्हणाल तर पुण्याचा विचार त्यानं सोडलेला नाही आणि मीही सोड म्हटलेलं नाही. अभ्यासक्रमात आता ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण आहे, ती त्याच फॅक्टरीत कॉस्टिंगला मिळते का बघतोय. फॅक्टरीवाले हो म्हणालेत, कॉलेजचं पत्र अजून मिळालेलं नाही, म्हणून सध्या ऑफिसात खेटे चालू आहेत.